कोणती लिली दाखवणार? चित्रपट मंडळांच्या कार्यक्रम समित्यांना खुलं पत्र

प्रति,
कार्यक्रम समिती,
महाराष्ट्रातल्या फिल्म सोसायट्या, महाविद्यालयांतले फिल्म क्लब आणि लहानमोठे चित्रपट महोत्सव

विषय : १९३० ते १९३४ मधल्या हॉलिवूडपटांतल्या स्वतंत्र बायका आणि आपण दाखवत असलेल्या प्रती

सप्रेम नमस्कार.

१९३० ते १९३४ या काळातल्या अमेरिकी चित्रपटांच्या नायिकांवर तुम्ही एखादी मालिका आखता तेव्हा आम्हाला मनापासून आनंद होतो. स्वतः कमावणाऱ्या, स्वतःच्या पैशाने घर चालवणाऱ्या, नवऱ्याला जाब विचारणाऱ्या आणि शेवटच्या रिळात त्याची शिक्षा न भोगणाऱ्या बायका अमेरिकेच्या पडद्यावर इतक्या संख्येने परत यायला पुढे कित्येक वर्षं लागली. त्या आपल्या प्रेक्षकांना दिसायलाच हव्यात. या पत्रातली मुख्य विनंती एकच आहे : तारीख, सभागृह आणि पाहुणे ठरवण्याआधी प्रत तपासा. यातल्या काही चित्रपटांच्या दोन-दोन प्रती आहेत, आणि त्या दोन प्रतींतली नायिका एकच बाई नसते.

सगळ्यात स्वच्छ उदाहरण वॉर्नर ब्रदर्सच्या ‘बेबी फेस’चं (१९३३). दिग्दर्शक आल्फ्रेड ग्रीन, नायिका बार्बरा स्टॅनविक. लिली पॉवर्स ही पेनसिल्व्हेनियातल्या ईरी गावात, पोलाद कारखान्यांच्या धुरात, बापाच्या चोरट्या दारूगुत्त्यावर राबणारी मुलगी. बाप तिला गिऱ्हाइकांपुढे ढकलत आलेला. तो मेल्यावर ती न्यूयॉर्कला जाते, गॉथम ट्रस्ट नावाच्या बँकेत शिरते आणि एकेका साहेबाचा वापर करत वर चढते. कॅमेराही इमारतीच्या बाहेरून एकेक मजला वर सरकत राहतो. तिला गाव सोडायला लावतो तो क्रॅग नावाचा म्हातारा. जोडे दुरुस्त करतो आणि जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे वाचतो. मूळ प्रतीत तो पुस्तक काढून तिला सांगतो की तुझ्याकडे पुरुषांवर चालणारी सत्ता आहे. पुरुषांना वापर, त्यांना तुला वापरू देऊ नकोस. मालकीण हो, गुलाम नको. हे बोलताना त्याचा चेहरा आणि ओठ आपल्याला दिसतात.

१ जुलै १९३३ला जी प्रत चित्रगृहांत लागली, तिच्यात नेमक्या याच जागी कॅमेरा क्रॅगच्या पाठीमागे आहे आणि आवाज नंतर भरलेला आहे. तो आता सांगतो की एक वाट बरोबर असते आणि एक चूक, आणि चुकीच्या वाटेची किंमत फार मोठी असते. ओठ दिसत नसले की कुठलंही वाक्य कुणाच्याही तोंडी बसवता येतं. पण त्या एका वाक्याने काय होतं ते पाहा. मूळ प्रतीतली लिली विचार करून, ठरवून वर चढते. दुसऱ्या प्रतीतली लिली म्हाताऱ्या माणसाने सावध करूनही घसरलेली पोरगी ठरते. पुढचे प्रसंग बहुतांशी तेच, अभिनय तोच, कपडे तेच. बघणाऱ्याचा निवाडा मात्र उलटा.

मूळ, न कापलेली प्रत आपल्याला मिळाली तीसुद्धा अपघाताने. २००४मध्ये लंडनच्या महोत्सवासाठी नवी प्रिंट काढायची होती. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या ओहायोतल्या डेटन इथल्या साठ्यात या चित्रपटाच्या दोन निगेटिव्ह निघाल्या : एक कॅमेऱ्यातली मूळ निगेटिव्ह आणि एक तिच्यावरून काढलेली ड्यूप. ड्यूप लांबीला जास्त भरली. साधा नियम असा की मूळ निगेटिव्ह सर्वांत मोलाची, ड्यूप दुय्यम. इथे उलटं झालं होतं. कात्री मूळ निगेटिव्हवरच चालली होती, आणि ड्यूप तिच्यावरून त्याआधीच निघाली होती, म्हणून ती वाचली. ‘मूळ निगेटिव्हवरून तयार केलेली प्रत’ एवढ्या शब्दांवर विसंबू नका असं आम्ही म्हणतो ते यामुळे.

आता ओळखायचं कसं? निदान तीन ठिकाणी थांबून बघा. पहिली जागा वर सांगितलेली, पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत : क्रॅगचे ओठ दिसतात का, आणि नीत्शेचं नाव येतं का. दुसरी जागा मधली. क्रॅग लिलीला न्यूयॉर्कच्या पत्त्यावर पुस्तक पाठवतो. मूळ प्रतीत पुस्तकातला मजकूर पडद्यावर येतो : आयुष्याला बेधडक सामोरी जा, भावना चिरडून टाक. कापलेल्या प्रतीत त्याऐवजी चिठ्ठी दिसते आणि तिच्यात तू चुकीची वाट धरलीस म्हणून कानउघाडणी. तिसरी जागा शेवट. मूळ चित्रपट रुग्णवाहिकेत संपतो. नवऱ्याने स्वतःला गोळी मारून घेतलेली असते आणि लिलीची दागिन्यांची व पैशांची पेटी उघडून सगळं जमिनीवर सांडतं. कापलेल्या प्रतीत त्यापुढे एक तुकडा जोडलेला आहे : सगळी संपत्ती गेली, नवरा पोलाद कारखान्यात मजुरी करतो आणि दोघं सुखी आहेत. म्हणजे ज्या धुरातून ती पळून आली, त्याच धुरात तिला परत नेऊन बसवलं. याशिवाय मालगाडीच्या डब्यातला, रेल्वेच्या माणसाला ती गप्प करते तो प्रसंग पूर्ण आहे का तेही पाहा.

नुसत्या वेळेवर निर्णय देऊ नका. पूर्ण प्रत सुमारे ७६ मिनिटांची, कापलेली सुमारे ७१. पण हे आकडे सेकंदाला २४ चौकटी धरून आहेत. आपल्याकडे ज्या पॅल डीव्हीडी येतात त्या सेकंदाला २५ चौकटींनी चालतात, म्हणजे चित्रपट चार टक्क्यांनी आखडतो. पूर्ण ‘बेबी फेस’ पॅलवर ७३ मिनिटांत संपतो आणि कापलेला ६८ मिनिटांत. नुसत्या घड्याळाकडे बघून पूर्ण प्रत अर्धवट समजून परत पाठवण्याचा धोका असतोच. त्याहून वाईट म्हणजे अर्धवट प्रत पूर्ण समजून दाखवण्याचा. फिल्मची प्रिंट हाताळत असाल तर हिशेब असा : ३५ मिमी बोलपट मिनिटाला ९० फूट जातो, हजार फुटांचं रीळ साधारण ११ मिनिटं चालतं. पाच मिनिटांची तूट म्हणजे ४५० फूट, जवळजवळ अर्धं रीळ. प्रिंटच्या तपासणीपत्रकावर रिळागणिक फूट लिहिलेले असतील तर ते आधी मागवून घ्या. तूट एकाच रिळात आहे की सगळीकडे थोडी थोडी, यावरून झीज कुठली आणि कात्री कुठली हे कळतं. रिळाच्या सुरुवातीला-शेवटी दोन-चार फूट कमी भरले तर ती झीज. मधल्याच एका रिळात साठ-सत्तर फूट कमी असतील तर तिथला प्रसंग शोधा.

माहितीपत्रकात ‘सेन्सॉरपूर्व काळ’ असा शब्द छापू नका, अशीही विनंती आहे. सेन्सॉर होतंच. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१५मध्येच सिनेमा हा धंदा आहे, त्याला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण नाही, असा निकाल दिला होता, आणि तो १९५२पर्यंत टिकला. न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया, ओहायो, मेरीलँड, व्हर्जिनिया, कॅन्सस अशा राज्यांची स्वतःची मंडळं होती. ‘बेबी फेस’ अडवला तो न्यूयॉर्कच्या मंडळाने, १९३३च्या एप्रिलमध्ये. ज्याला आपण ‘कोड’ म्हणतो तो निर्मात्यांच्या संघटनेने ३१ मार्च १९३०लाच स्वीकारला होता. विवाहसंस्थेचं पावित्र्य जपा, व्यभिचार आकर्षक दाखवू नका, प्रेक्षकांची सहानुभूती पापाकडे वळू देऊ नका, हे सगळं कागदावर होतं. त्याला दात नव्हते, एवढंच. मंदीत चित्रगृहं ओस पडत होती, १९३३मध्ये पॅरामाउंट आणि आरकेओ दोघांचा कारभार न्यायालयाने नेमलेल्या रिसीव्हरकडे गेला होता, आणि तिकीट काढणारा प्रेक्षक निम्म्याहून अधिक बायकांचा आहे असं स्टुडिओवाले धरून चालत. नोकरी करणाऱ्या मुलीची गोष्ट विकली जात होती, म्हणून ती लिहिली जात होती.

दात आले ते १९३४च्या उन्हाळ्यात. कॅथलिक लीजन ऑफ डीसन्सी या संघटनेने बहिष्काराची हाक दिली, जोसेफ ब्रीनच्या हाताखाली प्रॉडक्शन कोड ॲडमिनिस्ट्रेशन उभं राहिलं, आणि १ जुलै १९३४पासून त्याच्या प्रमाणपत्राशिवाय चित्रपट मोठ्या कंपन्यांच्या चित्रगृहांत लागणं बंद झालं. दंड होता २५,००० डॉलर. आधीचे चित्रपट पुन्हा प्रदर्शित करायचे तर त्यांनाही प्रमाणपत्र लागू लागलं. काहींना सरळ नकार मिळाला. दिग्दर्शक एर्न्स्ट लुबिशचा ‘ट्रबल इन पॅरडाइज’ १९३५मध्ये असाच अडला. काहींना कापून परवानगी मिळाली. आणि कापताना पुष्कळदा निगेटिव्हच कापली गेली.

यातून ओळखीची एक हुकमी खूण हाती येते. १९३१-३२च्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत जर प्रॉडक्शन कोडचं प्रमाणपत्र आणि त्याचा क्रमांक दिसला, तर ती प्रत मूळ असूच शकत नाही. ती पुनःप्रदर्शनाची प्रत आहे. अशा क्रमांकापुढे अनेकदा ‘आर’ हे अक्षरही असतं. पहिल्या दोन मिनिटांत कळणारी गोष्ट आहे. ती बघायला विसरू नका.

काही गोष्टी मात्र परत मिळणार नाहीत. ‘लव्ह मी टुनाइट’मध्ये (१९३२) मर्ना लॉय ‘मिमी’ गाण्याच्या ओळी म्हणत होती. तिचा झिरझिरीत रात्रपोशाख पुनःप्रदर्शनाच्या वेळी ब्रीनच्या कचेरीला खपला नाही, तुकडा काढला गेला आणि आजवर सापडलेला नाही. त्या चित्रपटाची ‘पूर्ण’ प्रत कुणी देऊ केली तर विश्वास ठेवू नका. वॉर्नरच्या ‘कन्व्हेन्शन सिटी’ची (१९३३) तर एकही प्रत आज ज्ञात नाही.

इथे मुंबईचाही संबंध येतो. १९१८च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली मुंबईत स्वतंत्र सेन्सॉर मंडळ होतं. सिनेमाच्या चौकशीसाठी नेमलेल्या १९२७-२८च्या रंगाचारियार समितीसमोर परदेशी चित्रपटांबद्दल जी चर्चा झाली तिच्यात गोऱ्या बायका पडद्यावर ज्या प्रकारे दिसतात त्याने राज्यकर्त्यांची पत घसरते, ही तक्रार ठळक होती. म्हणजे हॉलिवूडची कात्री, अमेरिकेतल्या राज्यांची कात्री, आणि वर मुंबईची कात्री. आपल्या आजी-पणजीच्या पिढीने मुंबईत नेमकं काय पाहिलं हा संशोधनाचा स्वतंत्र विषय आहे. कुणी विद्यार्थी घेणार असेल तर त्याला जरूर पाठबळ द्या.

आता चित्रपट निवडण्याबद्दल. ‘बंडखोर’ म्हणून उघडी पाठ आणि सिगारेट असलेले चित्रपट गोळा केले की मालिका होत नाही. आम्ही चार प्रश्न विचारतो. ती कशावर जगते? घराची किल्ली कुणाकडे आहे? नाही म्हटल्यावर तिचं काय होतं? आणि शेवटी तिच्या हातात काय उरतं? या प्रश्नांनी बघितलं की चित्रपटांचे खरे रंग दिसतात.

‘एक्स-लेडी’ (१९३३) घ्या. बेटी डेव्हिस जाहिरातींसाठी चित्रं काढणारी हेलन. सुरुवातीलाच घरातली पार्टी संपते, पाहुणे जातात, त्यांच्याबरोबर तिचा मित्रही जातो. आणि थोड्या वेळाने तोच स्वतःजवळच्या किल्लीने दार उघडून आत येतो. एक शब्द न बोलता सगळं कळतं : घर तिचं आहे, किल्ली तिने दिली आहे, लग्न झालेलं नाही आणि तिला ते घाईने करायचं नाही. सव्वा तासाहून छोटा चित्रपट आहे, पण लग्नाने प्रेमाचं काय होतं यावरचं त्यातलं भांडण आजही ताजं वाटतं.

‘द डिव्होर्सी’साठी (१९३०) नॉर्मा शीअररला ऑस्कर मिळालं. नवऱ्याची बाहेरख्याली कळल्यावर तो ‘त्यात काही अर्थ नव्हता’ म्हणतो, तेव्हा ही त्याच्याच मित्राबरोबर हिशेब चुकता करते आणि तसं त्याला सांगतेही. त्याला मात्र ते सहन होत नाही. एकच कृती, दोन मापं, हे इतकं सरळ मांडलेलं तुम्हाला पुढच्या वीस वर्षांत क्वचित सापडेल. शेवटी दोघं पुन्हा एकत्र येतात, हे खरं. पण मधलं तिने बोललेलं पुसलं जात नाही.

‘रेड-हेडेड वुमन’मध्ये (१९३२) जीन हार्लोची लिल मालकाचा संसार मोडते, त्याच्याशी लग्न करते, त्याच्यावर गोळी झाडते, आणि शेवटी पॅरिसमध्ये म्हाताऱ्या श्रीमंताच्या गाडीत बसून जाते; गाडी चालवणारा तिचा प्रियकर. शिक्षा शून्य. पटकथा अनिता लूसची. ब्रिटनमध्ये हा चित्रपट कित्येक वर्षं बंद होता. लूसचं नाव माहितीपत्रकात नायिकेच्या नावाइतकंच मोठं छापा. फ्रान्सिस मॅरियनने याच काळात लेखनाची दोन ऑस्कर मिळवली. ‘बेबी फेस’च्या पटकथेवर कॅथरिन स्कोलाचं नाव आहे. या नायिका नुसत्या नट्यांच्या धाडसातून उभ्या राहिल्या नाहीत. त्यांच्या तोंडची वाक्यं लिहिणाऱ्या बायका टाइपरायटरसमोर बसलेल्या होत्या.

‘फीमेल’ (१९३३) दाखवाल तर तयारीने दाखवा. रूथ चॅटरटनची ॲलिसन ड्रेक मोटारींच्या कारखान्याची मालकीण. हाताखालच्या देखण्या पुरुषांना ती कामाच्या निमित्ताने घरी जेवायला बोलावते, व्होडका पाजते, आणि दुसऱ्या दिवशी कुणी हळवा होऊन आलाच तर त्याची माँट्रियलला बदली करते. पुरुष साहेबांच्या शंभर गोष्टी उलट्या करून दाखवल्यासारखा पाऊण चित्रपट. आणि शेवटी ती कारखाना नवऱ्याच्या हाती सोपवून नऊ मुलांची स्वप्नं सांगू लागते. हा शेवट कुण्या मंडळाने जोडलेला नाही. तो स्टुडिओचाच आहे. १९३४च्या आधीचं सगळं मोकळं आणि नंतरचं सगळं बंद, अशी सोपी विभागणी करणाऱ्याला हा चित्रपट जागेवर थांबवतो.

‘ट्रबल इन पॅरडाइज’मधली के फ्रान्सिसची मादाम कोले प्रेमकथेसाठी आठवली जाते, पण तिचा एक छोटा प्रसंग आवर्जून बघा. ती अत्तराच्या कंपनीची मालकीण आहे. संचालक मंदीमुळे पगार कापायचं म्हणतात. ती पगार आहेत तसे ठेवा म्हणते आणि पुढे निघून जाते. १९३२ सालच्या नोकरदार प्रेक्षकाने तो प्रसंग कसा पाहिला असेल याची कल्पना करा.

आणि डॉरथी आर्झनर. त्या काळात मोठ्या स्टुडिओंत सातत्याने काम मिळवणारी जवळजवळ एकमेव स्त्री दिग्दर्शक. तिच्या ‘क्रिस्टोफर स्ट्राँग’मध्ये (१९३३) कॅथरिन हेपबर्न वैमानिक आहे. एक दृश्य असं : अंधार. पलंगाजवळचा दिवा लागतो. आपल्याला फक्त तिचा हात दिसतो, मनगटावर त्याने दिलेलं कडं. दोघांचे आवाज ऐकू येतात. ती त्या कड्याचं कौतुक करते, स्वतः बेडीत अडकल्याचं बोलते. तो तिला उड्डाण सोडायला सांगतो. शरीर नाही, चेहरा नाही. एक हात आणि एक दागिना. प्रेम आणि बंधन यांच्यावर इतकं नेमकं दृश्य त्या दशकात दुसरं आमच्या पाहण्यात नाही.

हेच दृश्य खराब प्रोजेक्शनमध्ये नुसता काळा चौकोन होतं. म्हणून तांत्रिक बाजूबद्दल थोडं सविस्तर.

हे चित्रपट चौकोनी आहेत. १९३२पासून रुंदी-उंचीचं प्रमाण १.३७ ठरलं, त्याआधीच्या, फिल्मच्या कडेला ध्वनीपट्टी असलेल्या बऱ्याच बोलपटांचं प्रमाण १.१९च्या आसपास, जवळजवळ चौरस. आजचा पडदा १.७८चा. १९२० बाय १०८०च्या प्रतिमेत १.३७चा चित्रपट मधल्या १४८० पिक्सेलमध्ये बसतो, दोन्ही बाजूंना २२० पिक्सेल काळे राहतात. ते तसेच राहू द्या. ‘पडदा भरत नाही’ म्हणून ताणलं तर प्रत्येक चेहरा तीस टक्के रुंद होतो. वर-खाली छाटून भरलं तर चित्राचा जवळजवळ चौथा भाग जातो, आणि तो जातो डोक्यावरून आणि हातांवरून. आर्झनरच्या त्या दृश्यात हातच जाईल.

प्रोजेक्टरवर ‘डायनॅमिक’, ‘व्हिव्हिड’ असले मोड बंद करा. या काळातले साटिनचे झगे आणि हार्लोचे पांढरट केस आधीच पांढऱ्याच्या टोकाला असतात. उजेड वाढवला की कापडाची घडी नाहीशी होते आणि पांढरा डाग उरतो. ‘रेड-हेडेड वुमन’मध्ये तिने लाल केसांचा टोप घातला आहे आणि तो पडद्यावर मधला करडा दिसायला हवा, तो काळा दिसत असेल तर कॉन्ट्रास्ट जास्त आहे. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद. रंगतापमान ६५०० केल्व्हिन, म्हणजे करड्यावर निळी झाक येणार नाही. सभागृहातले पायऱ्यांवरचे दिवे पडद्यावर पडत नाहीत ना, हे अंधार करून स्वतः पाहा.

आवाज एकाच वाहिनीचा आहे. मधल्या स्पीकरमधून द्या; ‘सराउंड’ लावला की संवाद सभागृहभर फुटतात. आठ किलोहर्ट्झच्या वर या ध्वनीपट्टीत खरखरीशिवाय फारसं काही नसतं, म्हणून तिथून वर थोडं कमी करा. पण खरखर मारणारी यंत्रणा जास्त लावू नका. ‘स’, ‘श’ गिळले जातात आणि जोन ब्लाँडेल किंवा स्टॅनविकचं झरझर बोलणं कळेनासं होतं.

त्या झरझर बोलण्यामुळेच मराठी सबटायटल अवघड जातात. दोन ओळी, ओळीला चाळीसच्या आत अक्षरं, आणि किमान दीड सेकंद, एवढं सांभाळा. पण खरी अडचण वेगळी. इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच. मराठीत लिलीने साहेबाला ‘तुम्ही’ म्हणायचं की ‘तू’, हे भाषांतर करणाऱ्याला ठरवावंच लागतं, आणि त्यात अख्खी गोष्ट आहे. आमचा आग्रह असा : प्रत्येक नव्या मजल्यावर ती ‘तुम्ही’ने सुरुवात करते, आणि ज्या वाक्याला सूत्रं तिच्या हाती येतात त्या वाक्याला ‘तू’ येतो. ते वाक्य शोधून काढा; सरसकट ‘तुम्ही’ ठेवलं तर ती शेवटपर्यंत लाचार वाटते, सरसकट ‘तू’ ठेवलं तर पहिल्यापासून उद्धट. क्रॅगच्या व्यवसायासाठी जातीचं नाव वापरू नका. ‘जोडे दुरुस्त करणारा’ पुरेसं आहे. आणि माहितीपत्रकात ‘चवचाल’, ‘उठवळ’, ‘मायाविनी’ हे शब्द नकोत. ब्रीनची कात्री जे करत होती तेच काम हे शब्द करतात, तेही फुकट.

‘बेबी फेस’मधल्या चिको या पात्राकडेही लक्ष द्या. थेरेसा हॅरिस या कृष्णवर्णीय अभिनेत्रीने ते केलं आहे. बाप चिकोला हाकलतो म्हणतो तेव्हा लिली सांगते की ती गेली तर मीही जाईन. न्यूयॉर्कमध्ये श्रीमंत झाल्यावर एक प्रियकर चिकोला काढून टाक म्हणतो. तिथेही लिली नकार देते. बाहेरच्यांसमोर मोलकरीण, आत मैत्रीण. या चित्रपटांत वंशद्वेषी थट्टाही आहे, आणि ‘बेबी फेस’मध्ये बापाने मुलीचा सौदा करणंही. अलीकडे काही ठिकाणी असले तुकडे आवाज बंद करून किंवा पुढे ढकलून दाखवले जातात. तसं करू नका. सुरुवातीला दोन मिनिटांत स्पष्ट शब्दांत सूचना द्या आणि चित्रपट पूर्ण दाखवा.

हक्क कुणाकडे मागायचे याचाही गोंधळ होतो. वॉर्नर, फर्स्ट नॅशनल, एमजीएम आणि आरकेओचे हे चित्रपट आज वॉर्नर ब्रदर्सकडे आहेत. पण पॅरामाउंटचे या काळातले बोलपट, म्हणजे लुबिश, मे वेस्ट आणि आर्झनरचं बरंचसं काम, आज युनिव्हर्सलच्या मालकीच्या संग्रहात आहे. पॅरामाउंटला पत्र लिहून महिना वाया घालवू नका. पत्रातच विचारा : कोणत्या साहित्यावरून ही प्रत काढली, एकूण वेळ किती, सेकंदाला किती चौकटी, प्रमाण काय. उत्तर लेखी घ्या.

भित्तिपत्रकासाठी चित्र निवडताना एक सांभाळा. पायाशी मेलेला पोलीस, हातात पिस्तूल, तोकड्या कपड्यांतली बाई, दारूची बाटली, असं एक प्रसिद्ध छायाचित्र ‘प्री-कोड’, म्हणजे कोडला दात येण्याआधीचं, म्हणून सर्रास वापरलं जातं. ते कुठल्याच चित्रपटातलं नाही. कोडमध्ये काय काय निषिद्ध आहे ते एकाच चौकटीत कोंबून व्हायटी शेफर या छायाचित्रकाराने १९४०च्या सुमारास ते मुद्दाम रचून काढलं होतं.

एकाच संध्याकाळचा कार्यक्रम करायचा असेल तर आमची मांडणी अशी. पाच मिनिटं प्रास्ताविक, शेवट न सांगता. मग पूर्ण ‘बेबी फेस’, ७६ मिनिटं. दहा मिनिटं चहा. त्यानंतर कापलेल्या प्रतीतले तीन तुकडे : क्रॅगचं बोलणं, चिठ्ठी, जोडलेला शेवट. प्रत्येक तुकड्याच्या आधी मूळ प्रतीतला तोच तुकडा पुन्हा दाखवा, म्हणजे फरक सांगावा लागणार नाही. क्रम उलटा करू नका. आधी कापलेली प्रत पाहिली तर मूळ प्रत ही त्या नीतिकथेतली ‘वाढीव मसाल्याची’ आवृत्ती वाटते. तुकडे आदल्या दिवशी एकाच फाइलमध्ये, एकाच प्रमाणात आणि आवाजाच्या एकाच पातळीवर जोडून ठेवा. ऐनवेळी दोन डिस्क बदलत बसलात तर प्रेक्षक उठतात.

आणि प्रत आली की तिच्यासोबतचं पत्रक काहीही म्हणो, प्रास्ताविक लिहायला बसण्याआधी क्रॅगच्या प्रसंगापाशी थांबून त्याचे ओठ दिसतात का ते स्वतः पाहा.

आपले,
जुन्या बोलपटांच्या प्रती तपासणारे आणि त्यांचे मराठी सबटायटल करणारे काही जण